लेथची बैठक

पडवीत फरशी बसवायची म्हणून आज गवंडी आलाय, आणि सकाळपासून मी आबांच्या लाकूड कातायच्या लेथखालच्या बैठकीतली वाळू उपसतेय. आबा गेल्यावर लेथ चुलत दिराकडे गेली, पण ही बैठक जागची हलत नाही. घरातल्या पुरुषांनी खांदे लावून पाहिले आणि घाम पुसत बाजूला झाले. वाळू काढल्याशिवाय ती उचलली जाणार नव्हती, आणि ते काम काही मी कुणाला करू दिलं नाही. तापीची वाळू ती, वरून सुकी, आत गार, आणि तिच्यात सागाचा भुसा मिसळलेला. पहिलं घमेलं भरताना तो वास आला आणि मी तशीच उकिडवी बसून राहिले.

आबा म्हणजे माझे सासरे. शेती त्यांनी आयुष्यभर केली, पण जीव लाकडात. लेथवर लाकूड गरगरा फिरायला लागलं आणि आबांनी त्याला पटाशी टेकवली, की ढलप्या उडत आणि आतून हळूहळू लाटणं बाहेर येई. पॉलिशला त्यांनी कधी हात लावला नाही. शेंगदाण्याचं तेल चोळायचे, बस. लोणखेड्यातल्या आमच्या भावकीत मुलीचं लग्न ठरलं की रुखवतात आबांच्या हातचं लाटणं असायचंच. दागिने कमीजास्त झाले तर चालत, लाटणं मात्र हवं. माझ्या लेकीनं तर शाळेत असतानाच आपलं लाकूड निवडून ठेवलं होतं.

तिचं लग्न ठरलं त्याच सुमाराला आबांच्या लाटण्यांवर लाटा उठू लागल्या. डोळ्यांना एकदम दिसत नसत, बोट फिरवलं की कळत. आबांनी लेथचं लाकडी टेबल हलवून पाहिलं आणि निकाल दिला, "बैठक कच्ची शे. मशीन हाली ऱ्हायनी." मग काय, मोडीत काढलेल्या बैलगाडीच्या बाभळीच्या दांड्या निघाल्या. त्यांचे जाड पाय झाले, खाली फाकवलेले, म्हणजे हिसका बसला तरी डगमगायला नको. आडवे तुकडे नटबोल्टनं आवळले. खाली फळ्यांची भलीमोठी पेटी केली आणि तिच्यात वाळू भरली. आबा फळ्या धरत, मी घमेली ओतत होते. "पोरना रुखवतमा मन्हा हातनंच लाटनं जाई," ते म्हणत, आणि मी मान डोलवत होते.

बैठक पुरी झाली तशी आबांनी तिच्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि लेथ सुरू केली. मशीन घरघरत होती, पण पेल्यातलं पाणी जराही थरथरलं नाही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आबांनी समाधानानं पेला उचलला, तोंडाशी नेला, आणि अर्धं पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं.

आम्ही दोघांनीही ते पाहिलं. त्यांनी पेला खाली ठेवला, सदरा झटकला आणि पेटीकडे बघत म्हणाले, "आखो रेती टाकनी पडी."

खरं बोलायची वेळ तीच होती. आबा, बैठक नाही, हात हलतोय, आणि हलू दे. लाटा असलेलं लाटणंच तुमच्या नातीला हवंय. एवढंच म्हणायचं होतं. पण सासऱ्याच्या तोंडावर त्याचं म्हातारपण कसं काढायचं, या मर्यादेत मी अडकले. वर म्हणाले, "हा आबा, बैठकच हालस." आणि घमेलं घेऊन वाळूच्या ढिगाकडे गेले.

लग्नाच्या तोंडावर आबा शहाद्याला जाऊन आले. संध्याकाळी त्यांनी उपरण्यात गुंडाळलेलं लाटणं माझ्या हातात दिलं. गुळगुळीत, चकचकीत. त्याला पॉलिशचा वास येत होता. मी वर पाहिलं तर आबा चपला काढण्यात गुंतलेले. "आते बैठक पक्की व्हयनी," ते म्हणाले. मीही म्हणाले, "दिखस ना, आबा." ज्या बाजारात लोक त्यांना लाटणेवाले आबा म्हणून हाक मारत, तिथे त्यांनी कुणाच्या दुकानात, काय सांगून ते विकत घेतलं असेल? रुखवतापाशी बायका त्या लाटण्याचं कौतुक करत होत्या आणि आबा मांडवाच्या पार टोकाला पाठ करून बसले होते. त्यानंतर त्यांनी लेथ लावली नाही. त्या माणसाला मीच लबाडी करायला लावली. तेव्हा मी त्याला आदर म्हणत होते. आज माझी मलाच लाज वाटते.

दुपारी पेटीचा तळ आला तेव्हा घमेल्याची कड कशाला तरी खट् करून लागली. हातानं वाळू सारली. लाटणी होती, एकाशेजारी एक निजवलेली. सगळ्यांत कडेचं लेकीनं निवडलेल्या लाकडाचं. त्याला तेलसुद्धा चोळलेलं होतं. म्हणजे आबांनी ते पुरं केलं होतं, नातीसाठी राखलं होतं, आणि मग पुरलं होतं.

ते धुऊन मी त्याच्यावर एक पोळी लाटली. लाटा हाताला लागत होत्या. पोळी तव्यावर टम्म फुगली.

तेवढ्यात लेकीचा फोन आला, आखाजीच्या सणाला माहेरी यायला कधी निघते ते सांगायला. बोलता बोलता म्हणाली, "आई, आबाना हातनं लाटनं आजून बी कसं गुयगुयीत शे! सासूबाई सगळासले दखाडतस."

तोंडाशी "हा बेटा" आलंच होतं. इतकी वर्षं तेच तर म्हणत आले. पण हातात ते ओलं लाकूड होतं. मी म्हणाले, "ते आबाना हातनं नई शे, बेटा. आबाना हातनं आठे घरमा शे. तू ये, मी तुन्हा हातमा देस."

पडवीत माणसांनी रिकामी बैठक उचलली. अगदी सहज उचलली गेली.