नकाशातून राहून गेलेलं तळं

माळावर पाऊल टाकण्याआधी मामा चपला काढून काखेत मारत आणि मला सांगत, "वरनं दिसतं ताई, पर कळतं पायाला." त्यांच्या टाचांना अशा भेगा होत्या की काटासुद्धा लागायचा नाही. त्या पायाला कळणार काय, असं पहिल्या दिवशी माझ्या मनात आलं होतं.

माझं काम ड्रोन उडवायचं. पुण्याजवळच्या सूसहून दुचाकीवर कोळवण खोऱ्यातल्या त्या गावी जायचे. गावाच्या वरच्या अंगाला गायरानाचा मोठा माळ आहे. इकडे पाऊस धो धो पडतो, पण होळी झाली की वरच्या वाडीतल्या बायका हंडे घेऊन खाली उतरतात. माळावर पाणी साठवायला जागा शोधून द्या, असं पंचायतीने आमच्या कचेरीला सांगितलं होतं. ड्रोनच्या चित्रात दिसाव्यात अशा चुन्याच्या खुणा जमिनीवर करायला सरपंचांनी मामांना सोबत दिलं. अख्खा गाव त्यांना मामाच म्हणे. मामांनी उभा जन्म मोजणी खात्यात जमीन मोजायची साखळी ओढलेली. निवृत्त झाले तरी चालताना ते पावलं मोजत, आणि मध्येच कोणी बोललं की मागे जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण यंत्राचं कौतुक सांगावं, त्यांनी तंबाखू मळत ऐकून घ्यावं, मानही डोलवावी, पण पटलंय असं काही दिसू देऊ नये.

ड्रोन मी सकाळच्या कोवळ्या उन्हात उडवायचे. ऊन तिरपं असलं की वीतभर उंचवट्याचीही सावली पडते आणि जमिनीवर न दिसणाऱ्या रेघा चित्रात उठून येतात. तिसऱ्या दिवशी मला दहा-बारा चौकटी दिसल्या, अगदी एका ओळीत. मी सरपंचांना बोलावून छातीठोकपणे सांगितलं, ही जुन्या घरांची जोती, इथे पूर्वी वस्ती होती. सरपंच हरखले. गावाच्या कमानीवर काय लिहायचं इथपर्यंत त्यांची गाडी गेली. मामांनी वाकून पडद्यावर बोट ठेवलं.

"घरं कुटली? ह्ये आमचं राब हायेत. नाचणीची रोपं करायला पालापाचोळा भाजायचो तितं. ही चौकट माज्या चुलत्याची."

सरपंच हळूच निघून गेले. माझा चेहरा पडला. मामा हसले नाहीत, उलट फडक्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. "व्हतंय. आमचं सायब बी चुकायचं. आमी बी."

ते कशाबद्दल म्हणाले ते दुपारी कळलं. पुढच्या एका चित्रात दोन टेकाडांच्या मध्ये विळ्यासारखी वाकडी सावली होती, मधोमध तुटलेली. मी पुढे सरकणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"तळ्याचा बांध हाय ह्यो," ते म्हणाले. "मला ठावं व्हतं."

तरुणपणी त्यांनी याच माळावर साखळी ओढली होती. बांधावर करवंदीच्या जाळ्या माजलेल्या, डोक्यावर ऊन. साहेबांनी खालून ओरडून विचारलं, तिथे काय आहे? वाडीतले म्हातारे त्या जागेला फुटकं तळं म्हणत, हे मामांना माहीत होतं. पण तसं सांगितलं असतं तर काठाकाठाने जाळ्यांतून साखळी ओढावी लागली असती.

"म्या म्हनलं, काय न्हाई सायब, निस्ता उंचवटा हाय."

साहेबांनी तेच लिहिलं. पुढे वाडीने तळं दुरुस्त करून मिळावं म्हणून दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा उत्तर आलं की नकाशात तिथे तळं नाही. तोवर मामांचा खरं सांगायचा धीर गेला होता. "माजीच बायकू हंडा घिऊन उतरायची. तिला बी न्हाई सांगितलं कधी."

मला त्यांचा राग आला. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि तो टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी बांधाच्या आतल्या बाजूला खड्डा घेतला. तांबड्या मातीखाली काळा, चिकण गाळ लागला. मामा तो मुठीत दाबत राहिले. "अहवालात लिवा, चूक कुनाची ते." मी लिहिलं, 'स्थानिक जाणकाराने जुना बांध ओळखला.' त्यांनी ते वाचून घेतलं.

"ह्ये अर्धंच हाय, ताई."

मग मी उरलेलंही लिहिलं. त्यांनी खाली सही केली आणि तारीख घातली.

त्या उन्हाळ्यात गावाने बांधाचं खिंडार बुजवलं, गाळ काढून भाताच्या खाचरांत टाकला. पावसाळ्यात तळं भरलं तेव्हा सगळा गाव पाहायला लोटला. मामा गेले नाहीत. "पावसात काय, डबरं बी भरत्यात. वैशाखात बगू."

माघात ते गेले. मला दोन दिवसांनी कळलं, त्यामुळे शेवटचं दर्शनही झालं नाही. याची चुटपुट अजून आहे.

वैशाखात मोजणी खात्याचा माणूस तळ्याची नोंद करायला आला, म्हणून मीही गेले. पलीकडच्या काठावर म्हशी डुंबत होत्या, वाडीतल्या दोघीजणी गोधड्या धूत होत्या. मामा इथे असायला हवे होते, असं फार वाटलं. तो माणूस काठावर यंत्र लावून कुरकुरत होता.

"मॅडम, मधलं माप घेता येत नाही. पाणी आहे."

"मग तसंच लिहा," मी म्हणाले. "पाणी आहे."