डेस्कला दिसलेला पूल

लोक म्हणतात, टीव्हीतले किस्से सांग ना! अरे, किस्से शोधावे लागतात थोडेच? रोज एक येऊन पदरात पडायचा. वर्षभर मी एका वृत्तवाहिनीची बुलढाणा जिल्ह्यातली बातमीदार होते. हातात चॅनलचा लोगो लावलेला माइक, म्हणजे आमचा बूम, बुडाखाली स्कूटी आणि फोनवर मुंबईचे डेस्कवाले सर. ऐकणारे पोट धरून हसतात. माझं मात्र सांगतानाही डोकं फिरतं.

*

सुरुवातीलाच बातमी मिळाली सुलतानपूरच्या पुढच्या एका वस्तीची. नाल्यावर पूल नाही. पाणी चढलं की वस्ती तुटते. मेहमूदा चाचीच्या मोठ्या सुनेला कळा लागल्या तेव्हा पाणी उतरायची वाट बघत बसावं लागलं, आणि बाळ गेलं. आता धाकट्या सुनेला, सायराला, दिवस गेले होते.

चाची म्हणाली, "बेटी, हिच्या बाळंतपणाच्या आंधी पूल पाह्यजे मले. टीव्हीत दाखव न!"

मी डेस्कला फोन लावला. सरांचा पहिला प्रश्न, "किती गेले?"

"एक बाळ, सर. दोन वर्षांपूर्वी."

"जुनं झालं गं. आणखी कुणी गेलं तर कळव!"

फोन आपटणार होते. पण फोन माझा होता!

*

मग लोणार. "उल्का पुन्हा पडणार म्हणून लोक घाबरलेत, असं काहीतरी दे."

कुणीच घाबरलं नव्हतं. तरी गेले. चहाच्या टपरीवर एका काकांपुढे बूम धरला. काका म्हणाले, "पडू दे न! इथं यष्टी टायमावर येत नाही, उल्का काय येते?"

टपरीभर हशा. संध्याकाळी टीव्हीवर काकांचा आवाज बंद, नुसते हलणारे हात, आणि खाली पट्टी: "लोणारमध्ये घबराट!"

काका पुढे महिनाभर मला चहा देऊ देईनात टपरीवाल्याला. बरोबरच होतं त्यांचं.

*

धाडच्या बाजारात तर कहर झाला. डेस्कला भाव पडल्यामुळे रडणारी बाई हवी होती. मला मिरच्या विकणारी सापडली, ती खुशीत! त्या दिवशी तिला चांगला भाव मिळाला होता.

"सर, ती हसतेय."

"मिरच्याच विकते ना? मग डोळ्यात पाणी यायला कितीसा वेळ लागतो?"

मी फोन ठेवला आणि तिच्याकडून पावशेर मिरच्या घेतल्या. सरांना पाठवायच्या होत्या. घरच्यांनी अडवलं.

*

इकडे चाची गप्प बसणारी नव्हती. पुढाऱ्याच्या ओसरीवर ठाण मांडून तिनं त्याला भूमिपूजनाला आणलाच! नारळ फुटला, कुदळ पडली, मी बातमी पाठवली. डेस्कला नुसती कुदळ काही बरी दिसेना. त्यांनी कुठल्यातरी तयार पुलाचं चित्र जोडलं आणि पट्टी चालवली: "अखेर पूल झाला! आमच्या बातमीचा दणका!"

जी बातमी दाखवलीच नाही, तिचा दणका! लाजच सोडली यांनी. दुरुस्ती करा म्हणून ओरडले, तर सर म्हणाले, "कशाला? चांगलं चाललंय."

मग काम सुरू होईना. चाचीला घेऊन सरकारी कार्यालयात गेले, तर तिथले साहेब म्हणतात, "मॅडम, तुमच्याच चॅनलवर पाहिला की मी पूल! चांगला रुंद आहे."

चाचीनं माझ्याकडे पाहिलं. "कुठी हाय वं तो पूल?"

*

सायराला कळा लागल्या तेव्हा भर दुपार होती आणि नाला तुडुंब. ॲम्ब्युलन्सवाला 'पूल झालाय' म्हणून थेट वस्तीत शिरायच्या तयारीनं आला आणि अलीकडेच अडकला. चाचीचा फोन आला म्हणून स्कूटी पळवत आलेली मीही तिथंच. पलीकडून गड्यांनी सायराला बाजेवर घातलं, बाज खांद्यावर घेतली आणि छातीभर पाण्यात उतरले; बाजेला धरून मागोमाग चाची आणि चार बाया. ओरडून ओरडून माझा घसा बसला. मी तेवढं शूट करून पाठवलं आणि बाज धरायला धावले.

बाज काठाला टेकली न टेकली, चाचीनं बायांना चादरी धरायला लावल्या. तिथंच मुलगी झाली. चाचीनं पोरीची पाठ चोळली. मग रडली! खणखणीत रडली!

तेवढ्यात सरांचा फोन. हात ओले, म्हणून स्पीकरवर टाकला.

"जबरदस्त गं! फक्त बाज येताना आपला बूम दिसत नाहीये. त्यांना म्हणावं, एकदा परत आणा नाल्यातून. आणि ती बाई जरा ओरडू दे."

नातीला ओढणीत गुंडाळता गुंडाळता चाची माझ्या फोनवर वाकली.

"हाव साहेब, आणतो न! पण पोरगी तं भायेर आली आता. तिले परत आत टाका लागन का?"