गुरू म्हणे, म्हणजे गुरम्मा

भवानी पेठेतल्या गुरम्माला वैताग आणला तो तिच्याच गाण्यानं.

तरुणपणी विड्या वळता वळता तिनं पदं रचली. लिहिता येत नव्हतं. सुपात पानं घेऊन ती गायची, शेजारणी उचलायच्या. बायकांच्या तोंडून पदं भजनी मंडळांत गेली आणि बाप्यांनी टाळ कुटत ती आपलीशी करून टाकली. माहेरी तिला गुरू म्हणत, म्हणून शेवटच्या ओळीत नाव घालायची तेही तेवढंच: 'वळता वळता विडी माझा जलम वळून गेला, गुरू म्हणे, शिवा, धूर कुणी नेला?' घात झाला तो इथंच. लोकांनी या गुरूला दाढी लावली, भगवं नेसवलं आणि मोहोळकडं कुठंतरी त्याची समाधीही ठरवून टाकली. बरोबरीच्या शेजारणी एव्हाना गेल्या होत्या. साक्षीला कुणी उरलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली नव्या पेठेतले हरिदास मास्तर टेपरेकॉर्डर घेऊन दारात आले. जुनी पदं गोळा करण्याचा त्यांना नाद.

"आजी, हे गुरू कोण होते?"

"मीच की."

मास्तरांनी हात जोडले. "वा. गुरू आणि शिष्य एकच. काय हा अद्वैतभाव."

"अद्वैत न्हाय, गुरम्मा. माजं नाव हाय ते."

"आणि विडी म्हणजे देह, धूर म्हणजे प्राण..."

"विडी म्हंजी विडी. आमी वळायची, धूर दुसऱ्यानं काडायचा. लई राग आलता, म्हून केलं."

"अव्वा, मास्तरांशी वाद कशाला घालताय?" सून दाक्षायणी आतून म्हणाली.

गुरम्मानं कपाळावर हात मारून घेतला. शिकलेल्या माणसाला एकदा अर्थ सापडला की पुढचं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. तिला शाल नको होती, सत्कार नको होता. मरायच्या आधी पदाला आपलं नाव लागावं, एवढंच हवं होतं. म्हणून यंत्र सुरू झाल्यावर तिनं शेवटची ओळ मुद्दाम बदलली आणि गल्लीला ऐकू जाईल अशी गायली: 'भवानी पेठेची गुरम्मा म्हणे, शिवा, धूर कुणी नेला?'

दारात जमलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. मास्तरांनी यंत्र थांबवलं.

"आजी, वयानं विसरायला होतं," ते मायेनं म्हणाले. "मूळ ओळ 'गुरू म्हणे' अशी आहे. तुमचं नाव मधे नको. चला, परत म्हणा."

"मग तुमीच म्हना की."

मास्तरांनी म्हटलं. दारातल्या बायकांनीही सूर धरला. मेल्याचा आवाज गोड होता, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.