मधुकररावांची कबुली

मधुकर सामंत दिंडोशीच्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले, पण बोरिवलीच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये ते न्यायाधीशच होते. कुणाची कुंडी कुणाच्या दारात, कुणाचा नळ कुणाच्या छतात, निकाल मधुकररावांचा. अपील नाही. चूक कबूल करणं तर त्यांच्या घराण्यातच नव्हतं.

अशा माणसाला मढच्या बंगल्यात शूटिंग चाललेल्या एका सीरियलमध्ये भूमिका मिळाली. इंग्रजांच्या राज्यातल्या अमेरिकेतला, तीनशे वर्षांपूर्वीचा जज्ज. निरपराध बायकांना चेटकिणी ठरवून फासावर देतो आणि पुढे भर चर्चमध्ये उभा राहून कबुली देतो. विग चढवून मधुकरराव असे बसले, की मेकअपवाला विकी त्यांना साहेब म्हणू लागला. वाक्य एकच होतं: "दोष माझा आहे. मला क्षमा करा."

"दोष माझा आहे, पण पुरावेच तसे होते," मधुकरराव म्हणाले. कट. "दोष माझा आहे, पण..." कट. असे अकरा टेक झाले. दिग्दर्शक नितेशने हात जोडले. "काका, हे 'पण' कुठून आणताय? वाट लागली माझी! आता शेवटचा टेक, नाहीतर दुसरा जज्ज बघतो."

डबा घेऊन सोबत आलेली त्यांची बायको, कुंदा, जवळ येऊन हळूच म्हणाली, "अहो, शकुताईंना डोळ्यांसमोर आणा ना."

मधुकररावांचा चेहरा पडला. चार वर्षांपूर्वी त्यांच्या उंबऱ्यावर एक लिंबू सापडलं होतं आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी समोरच्या शकुताईंना करणी करणारी ठरवलं होतं. एकटी राहणारी मालवणी बाई, आणखी पुरावा कशाला! दुसऱ्याच दिवशी कुंदाला मधुकररावांच्याच बाजारच्या पिशवीला भोक सापडलं; लिंबू त्यातूनच पडलं होतं. "गप्प बस," हा त्यावरचा निकाल.

बाराव्या टेकला वाक्य आलं, डोळ्यांतल्या पाण्यासकट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मधुकररावांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्यांनी शकुताईंची बेल वाजवली आणि दारातच क्षमा मागितली.

"भावजीनू, चार वर्सां माझ्या हातचो तिळगूळ कोणी घेवक नाय," शकुताई म्हणाल्या. "तेव्हा सगळ्यांदेखत बोललात, आता कानात कित्याक सांगतास?"

रविवारच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय संपला आणि मधुकरराव उभे राहिले. लिंबू, पिशवी, भोक, सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. शकुताई पदराने डोळे पुसत राहिल्या. मग दुसऱ्या मजल्यावरची लता हळूच उठली. "काकी, मी तर मुलांना तुमच्या दारावरून जाऊ देत नव्हते," ती म्हणाली, आणि तिच्यामागे आणखी एक खुर्ची सरकली.