वेरिडोराला कुणी वेरिडोरा म्हणेना

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. या गूढ अनुभवांच्या ग्रुपवर दोन वर्षं आहे ती जेवताना वाचायला आणि खरं सांगू... हसायला. आज हसायची पाळी तुमची. हसा खुशाल, पण शेवटपर्यंत वाचा, कारण माझं डोकं आउट झालंय.

मी पुण्याजवळच्या सूस गावची. एका बिल्डरकडे मार्केटिंगला लागले, सहा महिने प्रोबेशन. पौड सोडून मुळशीकडे निघालं की माले गावाच्या अलीकडे एक उघडा माळ लागतो, तिथे आमची नवीन स्कीम. सध्या एक सॅम्पल फ्लॅट आणि पत्र्याचं साइट ऑफिस, बस. नाव ठरवायचं काम माझ्याकडे आलं. समीर सर, म्हणजे आमचे सेल्स हेड, म्हणाले, "नाव लोकांच्या तोंडी बसलं तर तू पर्मनंट. नाही बसलं तर बघू." बघू म्हणजे काय ते प्रोबेशनवाल्यांना विचारा!

एकेचाळीस नावं दिली मी. "हे अगरबत्तीचं वाटतं." "हे हॉस्पिटलचं वाटतं." शेवटी एक पास झालं — वेरिडोरा. अर्थ विचारू नका, हिरवळ आणि सोनं असं काहीतरी प्रेझेंटेशनमध्ये ठोकून दिलं होतं. मग होर्डिंग, रील्स, रिक्षांच्या पाठी... जिकडे तिकडे वेरिडोरा.

पहिला शनिवार, सकाळी अकरा. हिंजवडीहून एक जोडपं आलं. बाई गाडीतून उतरता उतरताच, "लाडीचा माळ हाच ना?"

म्हटलं, "नाही मॅडम, हे वेरिडोरा."

"हो हो, तेच." आणि फॉर्मवर प्रोजेक्टच्या नावापुढे छान वळणदार अक्षरात लिहिलं — लाडीचा माळ. गंमत म्हणून मी त्या फॉर्मचा फोटो काढून ठेवला.

मला वाटलं, आधी दुसरी साइट बघून आलेत. मग पुढची फॅमिली आली. लाडीचा माळ. मग एक काका. लाडीचा माळ! दुपारी एका लखनौच्या माणसाचा फोन, पुण्यात येऊन महिनाही झाला नव्हता त्याला. "मॅडम, वो लाडीचा माळ में टू बीएचके है क्या?" आणि ळ असा स्वच्छ की आमच्या निम्म्या ऑफिसला जमत नाही! संध्याकाळपर्यंत चौदा जण. वेरिडोरा म्हणणारा एकही नाही. एकही!!

सर भडकले. "कुणाची जाहिरात चालवतेयस तू?"

"सर, आपलीच! एकूण एक चेक केलीये."

"मग हे लाडी-बिडी काय आहे?"

मला काय माहीत! रविवारी मी एका माणसाला म्हटलं, तुम्ही बघितलेली जाहिरात दाखवता का? त्याने ऐटीत मोबाईल उघडला. स्क्रीनवर हे मोठं वेरिडोरा. तो बघतच राहिला. बायकोला म्हणाला, "अगं, आपण गाडीत काय म्हणत होतो?"

"लाडीचा माळ."

"पण कुठे वाचलं आपण?"

ती म्हणते, "वाचलं कुठे... माहीतच होतं की."

माहीतच होतं! लोकांच्या अंगावर काटा येतो, मला चक्क रागाने रडायला आलं.

गेटवरच्या दगडूमामांना विचारलं, गावात या जागेला असं म्हणतात का? "न्हाई बा. आमी नुसतं वरलं रान म्हणतो. हौसाबाईला इचार, तिच्याच घरची जिमीन व्हती ही."

हौसाबाई रस्त्यापलीकडे राहतात. घरी मेंढरं, शेरडं. शेरडांना पाला टाकत होत्या. मी नाव घेतलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"कुनी सांगितलं तुला?"

"सगळेच सांगतायत, मावशी!"

"सगळे कोन? ते नाव आमा दोगींनाच ठावं. आत्याबाईला आन मला."

आत्याबाई म्हणजे त्यांची सासू. लाडी ही तिची मेंढी. रोज दुपारी कळप सोडून त्या माळावर जाऊन बसायची, हाक मारल्याशिवाय परतायची नाही. एक दिवस हाक मारूनही आली नाही. पुढे आत्याबाई मरेपर्यंत रोज दुपारी तिकडे तोंड करून हाका मारायच्या.

"धनी हसायचं, म्हनून आमी दोगीच आपसात म्हनायचो, लाडीच्या माळाला जाऊन येते. त्या गेल्यावर कुनाशी बोलू? लई वर्सं झाली, तोंडातनं काढलं न्हाई म्या." मग एकदम म्हणाल्या, "किती जनांनी इचारलं म्हनलीस?"

"तीसेक तरी."

पदर तोंडाला लावून हसल्या, डोळे भरलेले. मी निघताना म्हणाल्या, "पोरी, बोर्डावर नगं लावू हां. आमचं घरातलं हाय ते."

मी हो म्हटलं.

सोमवारी मीटिंग. सर म्हणाले, "पुढच्या रविवारी लाँच आहे आणि तुझं नाव कुणी धरत नाहीये, तेव्हा तुझं प्रोबेशन..." त्यांचं वाक्य संपायच्या आत मी भडाभडा सगळं बोलून टाकलं. मेंढी, सासू, सगळं. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "अगं मग हेच नाव! फुकटात लोकांच्या तोंडी बसलंय!"

आणि मी म्हणाले, "चालेल सर."

पर्मनंट झाले. कागदोपत्री वेरिडोराच, पण होर्डिंगं सगळी त्या नावाची नवी छापली.

लाँचच्या दिवशी येणारा प्रत्येक जण — "ते तुमचं... पौडच्या पुढचं... काय हो नाव?" फॉर्मवर नावाची जागा कोरी. सरांनी माइक घेतला, "स्वागत आहे आपलं..." आणि अडकले. मागे वळून बोर्ड वाचला. पुढच्या वाक्याला परत वळले. मला वाटलं नाटक करतायत. मग मीच एकाला सांगायला गेले, आणि माझं तोंड नुसतंच उघडं!

चार वाजता सरळ हौसाबाईंकडे गेले. "मावशी, चुकलं माझं. बोर्डावर लावलं."

"काय लावलं?"

"ते नाव. तुमच्या सासूबाईंचं आणि तुमचं."

त्यांचे ओठ हलले, पण काही आलं नाही. मी त्या पहिल्या फॉर्मचा फोटो उघडून वाचून दाखवलं. "असंल बाई," त्या म्हणाल्या. पाहुण्याशी बोलावं तसं. मग माळाकडे बघत, "आत्याबाई तिकडं तोंड करून हाका मारायच्या खऱ्या. पर कुनाला, ते काय आटवंना."

होर्डिंग काढा म्हणून सरांच्या किती मागे लागले. "बजेट नाही," संपला विषय.

स्पष्टीकरण माझ्याकडे शून्य आहे. वर जिथे जिथे ते नाव आलंय, तिथे प्रत्येक वेळी फोटो बघून टाइप केलंय. तुमच्यापैकी कुणाला ते वर न बघता आठवत असेल, तर प्लीज, माझ्यासोबत एकदा चला. हौसाबाई दुपारी घरीच असतात.