धनाजीचा उजवा हात

सांगलीत माझं वाद्यांचं दुकान आहे. घर माधवनगरला, नाव गोमटेश, आणि स्वभाव चिडका. हे तिन्ही आधीच सांगून टाकलेलं बरं. तीस वर्षं पेट्यांचे भाते चिकटवले, तबल्यांना शाई लावून घेतली, आणि आता गिऱ्हाईक येऊन विचारतं, “ब्लूटूथ आहे का?” तर त्याच्याशी गोड बोलायचं. मला ते जमत नाही.

उत्कर्षा पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा अंगावर एसटी कंडक्टरचा खाकी गणवेश होता. वडूजहून आली होती, ड्युटी संपवून. सोबत तिचे वडील धनाजी, मुंडासं बांधलेले, उजवा हात पोटाशी धरून बसलेले.

“काका, सॅम्पलर पायजे,” ती म्हणाली. “संगणक न लागणारा. सोतंत्र चालणारा.”

धनाजी माझ्याकडे बघून हसले. “आमच्या गावात सॅम्पल लय हायती, शेटजी. त्यासाठी सांगलीपातूर कशाला यायचं, मीच इचारलं हिला.”

आमच्या भागात अवली माणसाला सॅम्पल म्हणतात, हे वेगळं सांगायला नको. पण पोरीला हवं होतं ते यंत्र मला ठाऊक होतं. कुठलाही आवाज आत घ्यायचा, त्याचा हवा तेवढा तुकडा कापायचा आणि एका रबरी चौकोनावर ठेवायचा. चौकोनावर बोट मारलं की तो आवाज बाहेर. अशा सोळा चौकोनांवर माणूस घरात बसून अख्खं गाणं उभं करतो. उत्कर्षा धान्याच्या खोलीत गोधड्या टांगून, मोबाईलवर तसली गाणी करायची. एसटीची घंटा, मेंढरांची घुंगरं, तिकीट यंत्राचा टिकटिकाट, काहीही तिला चालायचं.

“कशाचा आवाज भरायचाय?” मी विचारलं.

“आबांच्या उजव्या हाताचा.”

मग तिनं सगळं सांगितलं. गावात बिरोबाची यात्रा असते. माळावरच्या देवळापुढं गजी नृत्य होतं, म्हणजे हातात रुमाल घेऊन धनगर गडी ढोलाभोवती फेर धरतात. एकतीस वर्षं तो ढोल धनाजींच्या गळ्यात. यात्रेच्या दिवशी देवळातल्या फळ्यावर मानकऱ्यांची नावं खडूनं लिहितात, त्यात दरसाल एक ओळ ठरलेली: ढोल, धनाजी. गेल्या पावसाळ्यात टेम्पोतून मेंढरं उतरवताना ते पडले आणि उजवा खांदा गेला. हात कमरेच्या वर येईना, बोटांत काठी धरवेना. दुसरा वाजवणारा गावात उरला नव्हता. कुणी जेसीबीवर, कुणी महाबळेश्वरला टॅक्सीवर. पोरीला ढोल येत होता, पण बाईनं देवाचा ढोल गळ्यात घ्यायचा नाही अशी त्या गावची रीत. गजीचे पुढारी नानासो यांनी सरळ सांगितलं होतं, यंदा डीजे आणू.

“डीजे आला की फळ्यावरची वळ गेली,” उत्कर्षा म्हणाली. “आणि ती येकदा गेली की परत येत न्हाई, काका.”

धनाजींनी मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवलं आणि पुन्हा बांधलं. एका हातानं. मला ते बघवेना.

“मागच्या यात्रेचा व्हिडिओ असेल ना मोबाईलवर?” मी म्हणालो. “तोच स्पीकरवर लावा की. यंत्र कशाला?”

“तसं चालत न्हाई. ढोल पुढं आन् नाचणारा मागं असं नसतंय. नाचणाऱ्याच्या पायाकडं बघून ढोल वाजतो. म्हातारं माणूस दमलं की सबुरीनं घ्यायचं, फेर जुळला की पळवायचा. व्हिडिओला पाय दिसत्यात व्हय?”

“आणि डावी बाजू?”

“डावा हात आबांचा हाय की धडधाकट! ते गळ्यात ढोल घेऊन डावीकडं थाप मारणार. मी नुसता उजवा हात.”

तीस वर्षांत असलं गिऱ्हाईक आलं नव्हतं.

पण सवय वाईट. आधी काढून दाखवलं ते दुकानातलं सगळ्यांत मोठं यंत्र. ताटाएवढा पडदा, त्यावर रंगीबेरंगी रेघा, दोन हजार आवाज आधीच भरलेले. मी बटण दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं, फिरतच राहिलं.

“आमची गाडी बी यवढा येळ सुटायला थांबत न्हाई,” धनाजी म्हणाले. उत्कर्षानं मागची वायर उचलून विचारलं, माळावर ही कुठं खुपसायची? मी यंत्र गुपचूप खोक्यात घातलं.

दुसरं होतं लहान आणि हलकं, बॅटरीवर चालणारं. तिनं चौकोनावर हळू बोट मारलं, मग जोरात मारलं. आवाज तेवढाच. मग धनाजींनी डाव्या अंगठ्यानं असा दणका दिला की काउंटरवरचा चहा सांडला. आवाज तेवढाच.

“ह्याला राग कळत न्हाई,” ते म्हणाले. विषय संपला.

तिसरं मी दाखवणारच नव्हतो. कोल्हापूरच्या एका पोरानं विकायला ठेवलेलं जुनं यंत्र, ओरखडे पडलेलं, पडदा काडेपेटीएवढा. आत सहा सेल घातले की बटण दाबताक्षणी जागं. चौकोन जाड रबराचे. हळू मारलं तर कुजबुजायचं, जोरात मारलं तर ओरडायचं. उत्कर्षानं दोन्ही अंगठे त्यावर ठेवले. तिकीट यंत्रावर अकरा वर्षं चाललेले अंगठे ते. पाच मिनिटांत तिनं टेबलाचा आवाज, पंख्याचा आवाज आणि माझं “अहो जपून” एवढं आत घेऊन त्याचा ठेका धरला. माझं “अहो जपून” सोळा वेळा ऐकून धनाजी डोळे पुसेपर्यंत हसले.

“हेच,” उत्कर्षा म्हणाली.

मोठं यंत्र घ्या, त्याला हमी आहे, असं मी एकदा म्हणून पाहिलं. ती पैसे मोजायला लागली. निवड अशी असते. नाहीतर आमचे शहरातले उस्ताद, सहा महिने नेटवर तुलना वाचतात आणि शेवटी भावाला आवडलं ते घेतात.

इथपर्यंत सगळं छान झालं. पुढं मी शहाणपणा केला.

तीन आठवड्यांनी ती यंत्र घेऊन परत आली. एक चौकोन अडकत होता, रबर बदलायचं होतं. रविवारी गावात नानासोंपुढं परीक्षा होती. फेर जमला तर ढोल, नाही जमला तर डीजेला फोन. मी म्हणालो, मीच घेऊन येतो, मलाही बघायचंय. रबर बदललं आणि सहज तिनं कापलेले आवाज वाजवून पाहिले. जुन्या व्हिडिओतून तिनं धनाजींचे चार ठोके वेचले होते. तीन स्वच्छ. चौथा, फेर उचलायचा मुख्य ठोका, घाण. ठोक्याच्या आधी कुणाचं तरी अर्धवट ओरडणं अडकलेलं: “चां—” आणि मग काठी.

आता पेटीत उंदीर शिरावा तसं ते मला कुरतडायला लागलं. पोरीला एवढं कळू नये? बोट मारल्याबरोबर ठोका यायला हवा, आधी ही ओरड कशाला? मी ती कापली. ठोका असा लख्ख केला की स्टुडिओत झाल्यासारखा. वर ते जपूनही ठेवलं, तिच्या जुन्या तुकड्याच्या जागी. मनात म्हटलं, पोरगी खूश होईल.

रविवारी सकाळी माळावर अठरा गडी रुमाल घेऊन उभे होते. नानासो देवळाच्या ओट्यावर, हातात फोन. धनाजींच्या गळ्यात उत्कर्षाच्या आईनं ढोल अडकवला. उत्कर्षा शेजारी उभी राहिली, यंत्र पट्ट्यानं गळ्यात, स्पीकर ओट्यावर.

“बाईनं ढोल न्हाई घ्यायचा,” नानासो पुटपुटले. “पण ह्या डब्याबद्दल रीत काय हाय, कुणाला ठावं? चालू द्या.”

धनाजींची डावी थाप पडली. तिनं अंगठा मारला. लख्ख ठोका आला आणि पहिल्याच फेरात पुढचा गडी मागच्याच्या पायावर पडला. पुन्हा सुरू केलं. पुन्हा पाय अडकले. तिसऱ्यांदा एक म्हातारा गुडघ्यावर आला. उत्कर्षा यंत्राकडे बघायला लागली, चुकून दुसऱ्याचं लेकरू कडेवर आल्यासारखी.

“ह्यो मी न्हवं,” धनाजी म्हणाले. “कोण हाय ह्यो?”

नानासो उठले. “बास झालं. डीजेला सांगतो.”

मी पुढं झालो आणि सगळ्यांदेखत कबूल केलं की त्या ठोक्याआधीचा कचरा मीच काढला. उत्कर्षा ओरडेल असं वाटलं. ती फक्त म्हणाली, “काका, त्यो कचरा न्हवता. त्ये आबा हायती.”

मग मला कळलं. काठी उचलताना धनाजी “चांगभलं” म्हणायला तोंड उघडायचे, “चां”च्या पुढचं ठोक्यात बुडायचं. “चां”वर गड्यांचा पाय उचलायचा, ठोक्यावर खाली पडायचा. एकतीस वर्षं त्या गावानं पाय असाच उचललेला. मी ठोका ठेवला आणि पाय उचलायची जागाच कापून टाकली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मी माळावर दावणीसकट बघितला.

“मूळ आवाज हाय मेमरी कार्डात,” ती म्हणाली. “नानासो, आवं, च्या पिऊस्तवर थांबा. च्या संपला की फोन करा.”

चहा आला. कपबशांचा आवाज, आणि तिचे दोन अंगठे. काडेपेटीएवढ्या पडद्यावर ती आवाज मागं सरकवत होती, पुढं सरकवत होती. मी मान खाली घालून उभा. नानासोंनी शेवटचा घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि फोन उचलला.

तिनं अंगठा मारला.

“चां—” धडाड!

आणि अठरा जणांच्या तोंडून, कुणी न सांगता, एकदम आलं: “गभलं!”

पाय उचललेले होते. पाय पडले. फेर फिरला. धनाजींची डावी थाप, पोरीचा उजवा ठोका, मधे फट म्हणून नाही. ती गड्यांच्या पायांवरून नजर हलवत नव्हती. मघाचा म्हातारा दमायला लागला तशी तिनं लय सैल केली, सावरला तशी पळवली. ओट्यावरून, कडेच्या बायांतून, चहावाल्याकडून, दर फेराला उत्तर येत होतं, “गभलं!” मी जैन माणूस, बिरोबाचा आणि माझा काही संबंध नाही. तरी मीही ओरडत होतो. मला रडूही येत होतं, ते कशाला लपवू?

नानासोंनी फोन खिशात घातला आणि रुमाल काढून फेरात शिरले.

यात्रेला मी बायकोला घेऊन गेलो. भंडारा उधळून माणसं पिवळी झाली होती. नाच सुरू व्हायच्या आधी नानासो खडू घेऊन फळ्यापुढं उभे राहिले. पालखी लिहून झाली, कैताळ म्हणजे मोठी झांज, तेही लिहून झालं. मग “ढोल” लिहिलं आणि हात अडला.

“धनाजी, काय लिवू रं?”

धनाजींनी डाव्या हातानं मुंडासं नीट केलं.

“लिव, गड्या. ढोल: डावा हात धनाजी, उजवा हात उत्कर्षा.”

नानासोंनी ते तसंच लिहिलं.