आधी ताप आला होता का?

कतारगामच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणारे ते खानदेशी काका सांधे सुजलेल्या प्रत्येकाला विचारायचे, "ह्याच्या आधी ताप येऊन गेला का?" उत्तर कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचे. रांग खोळंबायची. आईला घेऊन उभा असलेला मी चिडायचो.

डॉक्टरांनी एकदा हटकलं, तर काका म्हणाले, "साहेब, ताप जातो, पण अंगाला ते कळत नाही. अंग लढतच राहतं, मग स्वतःशीच."

"असेलही," डॉक्टर म्हणाले, "पण नक्की कुणालाच ठाऊक नाही."

पेन्सिल काका मुठीत धरायचे. एकदा त्यांच्या वाकड्या बोटांकडे पाहून मी विचारलं, "काका, तुम्हालाही आधी ताप आला होता?"

पुढचा कागद ओढत ते म्हणाले, "आला होता. तेव्हा कुणी विचारलंच नाही."